टेपचा पहिला इंच

मिस्त्रींना दुसऱ्याची चूक शंभर पावलांवरून दिसायची, आणि स्वतःची चूक शोधायची वेळ आली की चष्मा सापडायचा नाही. हे त्यांच्या बायकोचं म्हणणं, आणि पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईचं म्हणणं खोडून काढायची हिंमत कुणाची आहे? खुद्द मिस्त्रीही ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचे. एका चुकीबद्दल मात्र त्यांना हसू यायचं नाही. ती त्यांना चष्म्याशिवाय दिसायची, डोळे मिटले तरी दिसायची, आणि बत्तीस वर्षांत ती त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

चूक मुलीच्या बाबतीतली होती. शाळेच्या दाखल्यावर मुलीचं नाव काहीही असो, घरात आणि गल्लीत ती ठकी. आता ठकी त्रेचाळीस वर्षांची, दुसऱ्या गावात राहणारी, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीमागे बसणारी बाई. तिनं आणि नवऱ्यानं नवीन घर घेतलं होतं. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, खिडकीखाली एक टेबल बसवायचंय. तुमच्या ओळखीचा कुणी चांगला सुतार आहे का इकडे?"

"सुतार? मग सुतार बापाचं काय लोणचं घालायचं आहे का तुला?"

"तुमचे हात थरथरतात ना आता. आई सांगत होती."

"आईला काय, हातात माइक दिला की झालं. तू असं कर, चार दिवस सुट्टी काढ आणि ये. दोघं मिळून करू."

ठकी हसली. "दोघं? मी काय करणार? लाकूड घासून देईन फार तर. मापं माझ्याकडे दिलीत तर टेबल उंदराच्या उंचीचं व्हायचं."

मिस्त्रीही हसले, फोन ठेवला आणि तिथंच उभे राहिले. बायको आतून म्हणाली, "काय झालं हो? असे खांबासारखे का उभे?"

"काही नाही. ठकी येतेय."

आता खरं काय ते सांगून टाकतो. मिस्त्रींना टेबलाची काही पडलेली नव्हती. लेकीला ती गोष्ट सांगायची होती. पंच्याहत्तरी उलटली होती, एकदा छातीत कळ येऊन गेली होती, आणि मनावरचं हे ओझं घेऊन जायची त्यांची तयारी नव्हती. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. समोरासमोर बसून, चहाचा कप हातात घेऊन सांगावं, तर त्यांची जीभ कधी त्या वळणाची नव्हती. हातात काम असलं की त्यांना बोलता यायचं. म्हणून टेबल.

गोष्ट अशी होती.

घराच्या मागं मिस्त्रींचं काम करायचं पत्र्याचं शेड. तिथं त्यांच्याकडे एक पोलादी टेप होता. कधीतरी एक जड फळी त्याच्या टोकावर पडली, पुढची आकडी तुटली आणि पहिला इंचही गेला. दुसरा कुणी असता तर त्यानं नवा टेप आणला असता. पण मिस्त्री म्हणजे मिस्त्री. चालतंय की, म्हणाले. एकच्या खुणेवर पट्टी सरळ कापून घेतली, आणि तेव्हापासून त्यांचा हिशेब असा, की अठरा इंच हवे असतील तर एकोणीसवर खूण करायची. पहिले काही दिवस लक्षात ठेवावं लागलं असेल. मग ते हाताला लागलं. पाच-सहा वर्षांत तर त्यांना कुणी विचारलं असतं की तुमचा टेप तुटका आहे का, तर ते म्हणाले असते, छे. डोळा एकोणीस बघायचा आणि डोकं अठरा वाचायचं. आणि टेप ते दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. सुताराचा टेप आणि माणसाचा दात घासायचा ब्रश, दोन्ही उसने द्यायचे नसतात, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे त्या तुटक्या टेपानं कधी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

ठकी अकरा वर्षांची झाली तेव्हा तिला अभ्यासाला टेबल हवं होतं. एका पाडलेल्या इमारतीच्या दाराचं जुनं लाकूड मिस्त्रींनी जपून ठेवलं होतं. काळसर, गाठ नसलेलं, रंधा मारला की आतून मधासारखं निघणारं. ठकी म्हणाली, "मापं मी घेणार. कापणार पण मी." ती पोर लहानपणापासून शेडमध्ये वाढलेली. वहीच्या मागच्या पानांवर घरांचे नकाशे काढायची, दारं कुठं, खिडक्या कुठं, जिना कुठं. मिस्त्रींना तिचं एवढं कौतुक होतं की त्यांनी आपला टेप तिच्या हातात दिला. ब्रशची गोष्ट विसरून दिला. वर शिकवलं, "टोक फळीच्या कडेला भिडवायचं आणि पाहिजे तो आकडा बघायचा. दोनदा मापायचं, एकदा कापायचं."

पोरीनं तेच केलं. तीन दिवस शाळेतून आली की दप्तर टाकून शेडमध्ये. बापानं कागदावर मापं लिहून दिली होती, पाय अठ्ठावीस, पट्ट्या वीस. तिनं दोनदा मापलं आणि एकदा कापलं, जीभ बाहेर काढून, करवत दोन्ही हातांनी धरून. मिस्त्री तिकडं खण करत होते, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या हिशेबानं.

चौथ्या दिवशी सांगाडा जोडला आणि खण आत जाईना. एका इंचानं अडला.

शेडमध्ये तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. एक कोपऱ्यावरचा शिंपी, खुर्ची दुरुस्त करायला घेऊन आलेला, आणि दुसरा त्याचा कुणी पाहुणा. मिस्त्रींनी टेप ओढला, पट्टीला लावला, आणि डोक्यानं नेहमीसारखा एक वजा केला.

"एकोणीस. अगं, वीस सांगितले होते ना?"

"मी वीसच मापले होते, बाबा. दोनदा."

"हे वीस आहेत? हे?"

"दोनदा मापलं होतं."

शिंपी हसला. म्हणाला, "मिस्त्री, पाठवा आमच्या दुकानात. माप काय असतं ते शिकवतो." पाहुणाही हसला. एवढंच निमित्त. नाकावरचा राग आधीच बसायला जागा शोधत होता. असलं लाकूड पुन्हा मिळणार नव्हतं, आणि चारचौघांत हसं झालं होतं.

"एवढं साधं माप घेता येत नाही? डोकं कुठं ठेवून आली होतीस? आणि वर खोटं बोलतेस? दोनदा मापलं म्हणे. सोडून दे. हे तुझ्या हातचं काम नाही. तुला नाही जमायचं."

ठकी रडली नाही. हातातली करवत तिनं खिळ्याला अडकवली, फ्रॉकवरचा भुसा झटकला आणि घरात गेली.

संध्याकाळी शेड बंद करताना मिस्त्रींनी टेप खिशात टाकायला उचलला. का कुणास ठाऊक, त्याच्या टोकाकडे बघितलं. पट्टी एकपासून सुरू होत होती. मिस्त्री ठोकळ्यावर बसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं अंगणच वाकडं होतं, आणि त्यांनी नाचणारीला झोडपलं होतं.

त्याच क्षणी उठायचं होतं. दहा पावलांवर घर. जाऊन म्हणायचं, ठकी, तू बरोबर मापलंस, तुझा बाप गाढव आहे. पोर हसली असती, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेडमध्ये आली असती, आणि ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. मिस्त्री उठले, पण घराकडे नाही गेले. त्यांनी तो टेप नेऊन मागच्या नाल्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आणला.

का? बत्तीस वर्षं त्यांनी स्वतःला हेच विचारलं. पहिल्या दिवशी लाज वाटली. शिंप्याला कळलं तर गावभर करेल, असं वाटलं. आठवड्यानं वाटलं, पोर विसरली असेल, कशाला खपली काढायची. महिन्यानं वाटलं, आता सांगितलं तर विचारेल, इतके दिवस का नाही सांगितलंत. आणि वर्षभरानंतर तर तेच सगळ्यात मोठं कारण होऊन बसलं. खोटं एकदाच बोललं जातं. गप्प बसायचं म्हटलं तर ते रोज नव्यानं बसावं लागतं.

खण एक इंच लहान करून मिस्त्रींनी टेबल पुरं केलं. ठकीनं त्यावर पुस्तकं ठेवली, पण अभ्यास जमिनीवरच बसून केला. शेडमध्ये ती परत आली नाही. चहा द्यायला यायची, तीही दारातूनच.

आणि घरात एक विनोद जन्माला आला. विनोद आईनं सुरू केला, बिचारीला काय माहीत. पडदा आखूड झाला, उशीचा अभ्रा बसेना, बरणीचं झाकण लागेना, की आई म्हणायची, "आमच्या ठकीनं मापलेलं दिसतंय." सगळे हसायचे. ठकीही हसायची. आणि मिस्त्री, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला हा माणूस, तोही हसायचा.

त्यानंतर तीन वर्षांनी सांगायची आणखी एक वेळ आली होती. शाळेत इमारतींचे नकाशे काढायचा वर्ग निघाला. चित्रकलेच्या बाई स्वतः घरी आल्या. "तुमच्या मुलीला नजर आहे," म्हणाल्या. "नाव दे म्हटलं तर म्हणते, मला मापं जमत नाहीत. कोण म्हणतं तुला असं विचारलं, तर सांगत नाही. मिस्त्री, तुमचा तर जन्म मापात गेला. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती."

ठकी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वेणीचं टोक हातात, डोळे बापाकडे. बाई वाट बघत होत्या. मिस्त्रींनी खूप वेळ घसा साफ केला.

"तिचं तिला ठरवू द्या," ते म्हणाले.

बाई गेल्या. नाव दिलं गेलं नाही. पुढे ठकी दुसरंच काहीतरी शिकली, नोकरीला लागली, लग्न झालं, सगळं रीतसर झालं. तिचं काही वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही. मिस्त्रींना मात्र कुठंही बांधकामाची पाटी दिसली, त्यावर नकाशा काढणाऱ्याचं नाव दिसलं, की ते रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

तर अशी ठकी चार दिवसांची सुट्टी काढून आली. पहिल्या दिवशी लाकूड निवडलं, शेड झाडलं, जाळी काढली. बाप स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होता, आणि लेक ऐकत होती. नवऱ्यानं खिडकीखालच्या जागेचं माप एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी तिनं पर्समधल्या वेगळ्या कप्प्यात ठेवली होती, औषधाच्या चिठ्ठीसारखी.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टेप तिच्याकडे दिला. चांगला, अख्खा टेप.

"मी नाही हं," ठकी म्हणाली.

"माझे हात हलतात. खूण तुलाच करावी लागेल."

मग ती मापायला लागली, आणि मिस्त्रींना बघवेना. ती टेप लावायची, वाकून बघायची, काढायची. पुन्हा लावायची. पुन्हा काढायची. तिसऱ्यांदा लावायची, आणि मग पेन्सिल टेकवायच्या आधी बापाकडे बघायची.

"तपासा."

"बरोबर आहे."

"तुम्ही बघितलंच नाही नीट."

"अगं बघितलं. बरोबर आहे."

"एकदा उठून बघा ना, बाबा. माझा भरवसा धरू नका."

मिस्त्री उठले, गुडघा धरून वाकले, बघितलं. खूण केसाइतकीही सरकलेली नव्हती. मागच्या वेळीही नव्हती, त्याच्या मागच्या वेळीही नव्हती. दिवसभरात ते बावीस वेळा उठले.

"दवाखान्यात मला काय म्हणतात माहितीये?" घासकाम करताना ठकी सांगत होती. "तीनदा मॅडम. पेशंटचा नंबर मी तीनदा वाचते ना. रांग पार रस्त्यापर्यंत जाते. साहेब म्हणतात, मॅडम, एकदा स्वतःवर विश्वास ठेवून बघा, कुणी मरणार नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय सांगू साहेब, माझा इतिहास वाईट आहे." आणि ती खळखळून हसली.

"ठकी," मिस्त्री म्हणाले. "तुझं ते लहानपणीचं टेबल."

"नको, बाबा. त्याचं नाव काढू नका. अजून कान गरम होतात माझे." तिनं पॉलिश पेपर उलटा केला. "आई, चहा टाकलास का गं?"

मिस्त्री पुढच्या फळीकडे वळले. लेकीनं दार लोटलं तर बरंच झालं, असं त्यांना क्षणभर वाटलंही, आणि असं वाटल्याची लगेच शरम वाटली. माणसाच्या खोडी कुठं जातात.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुढची लांब पट्टी कापायची होती. ती सगळ्यात महत्त्वाची. खिडकीखालच्या दोन भिंतींमध्ये टेबल बसणार की नाही, ते त्या पट्टीवर. लाकूड नेमकं होतं, दुसरा तुकडा नव्हता. ठकीनं टेप उचलला आणि परत बापाच्या मांडीवर ठेवला.

"ही तुम्हीच करा. हात हलला तर मी धरते तुमचा हात. पण ही मी नाही करणार."

"का?"

"चुकली तर? तुम्हाला माहितीये ना मला. इंचभर तरी खाल्ल्याशिवाय मला राहवत नाही."

मिस्त्री म्हणाले, "तू इंच खाल्ला नव्हतास."

"हं?"

"तू नव्हता खाल्लास. टेपलाच पहिला इंच नव्हता."

ठकीला काही कळलं नाही. मग मिस्त्रींनी सांगितलं. आकडी तुटली होती, मी एकवर कापला होता, मला सवय होती, तुला सांगायला विसरलो. तू टोक कडेला भिडवलंस आणि वीसवर खूण केलीस. मी शिकवलं तसं. तू दोनदा मापलंस आणि दोन्ही वेळा बरोबर मापलंस. खोटं तू नव्हती बोललीस. हे सगळं त्यांनी जमिनीवरच्या ढलप्यांकडे बघत सांगितलं, थांबत थांबत. बत्तीस वर्षं मनात घोळवलेली वाक्यं ऐनवेळी एकही आली नाही.

ठकी ऐकत होती. मग ती हळूच ठोकळ्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उजळलं. ते मिस्त्रींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. अकरा वर्षांच्या पोरीसारखी ती म्हणाली, "म्हणजे माझं बरोबर होतं?"

"अगदी सुताइतकंही चुकलं नव्हतं."

"अरे देवा." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, कळेना. "आणि मी आयुष्यभर... अहो बाबा, मी साधा पडदा लावत नाही. हेही म्हणतात, तुला झालंय काय." तिनं डोळे पुसले. "तुम्हाला कधी कळलं हे? आत्ता शेड आवरताना?"

इथं खोटं बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस जागा होती, आणि लेकीनंच ती करून दिली होती. हो म्हटलं असतं तर सगळं गोड झालं असतं. मिस्त्रींनी ती जागा बघितली, आणि हे त्यांच्या नावावर लिहायलाच हवं, की ते तिकडे गेले नाहीत.

"त्याच दिवशी," ते म्हणाले. "संध्याकाळी."

"त्याच दिवशी."

"हो."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. मग दिवस गेले. मग दिवस गेले याची लाज वाटली." त्यांनी एक ढलपी उचलली. "चुकलं माझं, ठकी. फार चुकलं. मला माफ कर असं म्हणायलासुद्धा तोंड नाही."

ठकी बोटानं ठोकळ्यावरचा भुसा एका जागी गोळा करत होती. राग यावा, तिनं चार शब्द सुनवावेत, अशी मिस्त्री वाट बघत होते. तिला तो हक्क होता, आणि त्यांना तो मार हवाच होता. पण ती काहीतरी आठवत होती. डोळे बारीक करून, मागं मागं जात.

"चित्रकलेच्या बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "आठवतंय?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"माहीत होतं."

"बाई म्हणाल्या, तुम्ही सांगा तिला. आणि तुम्ही म्हणालात, तिचं तिला ठरवू द्या."

"हो."

"मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तुम्ही सांगणार बाईंना. की हिला खरंच जमत नाही, हिनं माझं चांगलं लाकूड वाया घालवलं, वर खोटं बोलली. बाई माझ्याबद्दल किती चांगलं बोलत होत्या, आणि आता सगळं त्यांना कळणार. आणि तुम्ही नाही सांगितलंत." ती थांबली. "मला वाटलं, माझी लाज राखलीत. मला वाटलं, बाबांनी मला सांभाळून घेतलं. बाईंसमोर खाली नाही पाहू दिलं."

मिस्त्रींनी हातातली ढलपी खाली ठेवली.

"मी हे सगळ्यांना सांगते," ठकी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा. "लग्न ठरलं तेव्हा यांना सांगितलं. माझ्या पोराला सांगितलं. की आमचे बाबा तोंडाचे फटकळ, रागीट, पण एकदा असं झालं, की माझी चूक ठाऊक असून ते चारचौघांत गप्प बसले. बाप असावा तर असा, म्हणून सांगते मी. तुम्ही छातीत कळ येऊन दवाखान्यात होतात, तेव्हा बाहेर बाकावर बसून मी तेच आठवत होते. दुसरं काही नाही. तेवढंच."

मिस्त्रींना वाटलं होतं की ही गोष्ट सांगितली की लेकीला तिचं काहीतरी परत मिळेल. मिळालंही असेल. पण देताना तिच्याकडून काय काढून घेतलं जाईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आयुष्यातली स्वतःला सगळ्यात हीन वाटलेली घटका, जी आठवून ते कूस बदलत राहायचे, तीच घटका ह्या पोरीनं इतकी वर्षं जपून ठेवली होती, बापाबद्दलची सगळ्यात चांगली आठवण म्हणून. आणि ती त्यांनी आत्ता, भर दुपारी, आपल्याच तोंडानं मोडली.

"ठकी," ते म्हणाले.

बायको चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "काय गं, बिघडलं की काय काही?"

"नाही, आई," ठकी म्हणाली. "ठेव तिथं."

आई गेली. ठकीनं चहा घेतला नाही. ती उठली, बापाच्या मांडीवरचा टेप उचलला, लांब पट्टी ओढून बाकावर ठेवली. टेपचं टोक कडेला भिडवलं, चिठ्ठीवरचा आकडा बघितला, पेन्सिलीनं खूण केली. एकदाच. काटकोनाचा गुण्या लावून रेघ ओढली, करवत घेतली, आणि बापाकडे न बघता कापायला लागली. करवत सरळ चालत होती. करवतीचे शेवटचे दोन हात मारताना तिनं पट्टी खालून धरली, तुकडा फाटू नये म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा बत्तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं.

तुकडा खाली पडला. मिस्त्री सवयीनं गुडघा धरून उठायला गेले, मग त्यांच्या ध्यानात आलं की आज कुणी तपासायला सांगितलेलं नाही. ते अर्धवट उठलेले तसेच खाली बसले. स्टुलावरूनही दिसत होतं. पट्टी नेमकी होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"माहितीये मला," ठकी म्हणाली, आणि तिनं दुसरी फळी ओढली.